रिपॉझिटरी निघाली लांजीला

लिनक्सची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या त्या फुकटच्या सिस्टिमची, एक खोड आहे. तुम्ही एक पॅकेज, म्हणजे एखादा प्रोग्रॅम, मागा, ते म्हणतं, "येतो, पण माझ्यासोबत हे चौघे येतील." आणि त्या चौघांचे पुन्हा आपापले सोबती! आमच्या किस्स्यांचंही तसंच झालंय. टपरीवर कोणी म्हणतं, "तो कंडक्टरवाला सांग ना," आणि मी कंडक्टरपासून सुरुवात करतो ती थेट लांजीच्या मांडवात जाऊन थांबतो. तोवर चहावर साय धरलेली असते.

आधी आमची मंडळी कोण, ते सांगतो. माझं मध्य प्रदेशातल्या बालाघाटला बसस्टँडजवळ फोटोकॉपीचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. मेश्राम मॅडम गणिताच्या रिटायर्ड शिक्षिका. आमच्या वॉर्डातल्या बुद्धविहाराची अभ्यासिका त्यांच्या धाकावर चालते. किरनापूरच्या अभ्यासिकेचं गजभिये बघतो. तो मोबाइल दुरुस्त करतो आणि न विचारता सल्ले देतो. लांजीची अभ्यासिका रामटेके भाऊंची. तिन्ही ठिकाणी कुठल्या कुठल्या ऑफिसांतून निघालेले म्हातारे कॉम्प्युटर आहेत. त्यांना दुसरं काही झेपत नाही, म्हणून लिनक्स.

भाऊंची धाकटी मुलगी ज्योत्स्ना. तिला जन्मापासून दिसत नाही. पहिलीपासून बी.ए.पर्यंत प्रत्येक पुस्तक तिला मोठ्या बहिणीनं, संगीतानं, वाचून दाखवलं. आणि संगीताचं लग्न ठरलं वारासिवनीला! घर सगळं आनंदात, फक्त ज्योत्स्ना गप्प. साखरपुड्याला आम्ही गेलो तेव्हा तिनं मॅडमना हळूच विचारलं, "मॅडम, ताई गेल्यावर मले कोण वाचून दाखवन? बी.ए. सोडू का मी?"

मॅडमनी आयुष्यात कुणाला अर्धा मार्क जास्तीचा दिला नाही. त्या म्हणाल्या, "लग्नाच्या आधी तुहा कॉम्प्युटर तुले वाचून दाखवन. सोडाचं नाव काढू नको."

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "कसं करणार, मॅडम?"

"मले काय माहीत!" मॅडम म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

*

पण त्यांनी शोधलं. पडद्यावरचं वाचणारं पॅकेज होतं, मराठी आणि हिंदी बोलणारा आवाज होता, आणि स्कॅन केलेल्या पानातली अक्षरं ओळखणारंही एक होतं. सगळं रिपॉझिटरीत! रिपॉझिटरी म्हणजे लिनक्सचं गोदाम समजा. हजारो पॅकेजं नीट लावून ठेवलेली, नाव सांगायचं आणि उचलायचं.

बालाघाटच्या मशिनवर मॅडमनी ते टाकलं, एक बटण दाबलं आणि मशीन मराठीत बोललं. आवाज म्हणाल तर भसाडा, सर्दी झाल्यासारखा. पण मराठी! मी चाळिशीचा बाप्या, आणि मशीनच्या मागे जाऊन कोणी बसलंय का ते पाहून आलो. खोटं कशाला बोलू?

"हे बनवलं कोणी, मॅडम?"

"लोकायनं."

"कोणत्या?"

"जगातल्या."

"अन् आपल्याले असंच देऊन टाकलं?"

"हौ."

"काहून पण?"

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "माह्या विषयाच्या बाहेरचा प्रश्न आहे," म्हणाल्या.

*

गजभियेला हे कळलं तेव्हा त्यालाही चेव आला. किरनापूरच्या अभ्यासिकेत त्यानं तोच आवाज मागवला. मशिननं नेहमीप्रमाणे विचारलं, की यासोबत ही बाकीचीही येतील, चालेल ना? खाली नावांची ही लांबलचक रांग! गजभिये घाबरला आणि "नाही" दाबून मोकळा झाला. पुन्हा मागवलं, पुन्हा रांग, पुन्हा "नाही." शेवटी त्यानं मॅडमना फोन लावला.

"मॅडम, मी एकाले बोलावून राह्यलो, तं अख्खं वऱ्हाडच येऊन राह्यलं! यातल्या एकालेही मी ओळखत नाही!"

मॅडम म्हणाल्या, "बाबू, तुह्या लग्नात तुह्या सासऱ्यानं तुह्या वरातीतले सगळे ओळखले होते का?"

"नाही."

"जेवू घातलं ना?"

गजभियेनं मुकाट्यानं "हौ" दाबलं. आणि मला नवल याचंच वाटतं, की त्या रांगेतला एकही पाहुणा फुकटचा नव्हता. एक आवाज चढवणारा, एक उतरवणारा, एक काना-मात्रा समजणारा. एक कमी पडला असता तर मशीन मुकं राहिलं असतं.

*

आता कंडक्टरवाला.

लांजीच्या अभ्यासिकेत नेट म्हणजे नावालाच. मोबाइल गच्चीवर नेला तर रेंजची एक दांडी, खाली आणला तर तीही नाही. डाउनलोड सुरू केलं की अर्ध्यात तुटे. लग्न तर जवळ येत होतं. मॅडम म्हणाल्या, "लांजी गोदामाकडे येऊ शकत नाही ना? मंग गोदाम लांजीले पाठवू."

त्यांच्या घरी चांगलं नेट होतं. त्यांनी अख्ख्या रिपॉझिटरीची नक्कल हार्डडिस्कवर उतरवायला लावली. कित्येक दिवस ते चालू होतं. घरात कोणी वायरजवळून गेलं तरी मॅडम ओरडत. मग ती डिस्क रुमालात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातली आणि मी ती लांजीच्या बसमध्ये कंडक्टरच्या हातात दिली. किरनापूरला गजभिये उतरवून घेणार, आपल्या मशिनी अपडेट करणार आणि दुसऱ्या दिवशीच्या बसनं पुढे लांजीला लावून देणार, असं ठरलं होतं. आमच्या भागात डबे, औषधं, मोटारीचे पार्ट, सगळं असंच बसनं जातं.

कंडक्टरनं डबा हलवून पाहिला. "क्या है भैया? अचार?"

"हिला मत! सॉफ्टवेयर है. हजारों हैं."

"हजारों? इत्ते से डब्बे में?"

"पूरी दुनिया के लोगों ने बनाए हैं. लांजी में एक लड़की देख नहीं सकती, उसके लिए जा रहे हैं."

बस निघाली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. गाडी खच्चून भरलेली, कंडक्टर दांड्याला धरून उभा, आणि त्याच्या स्वतःच्या सीटवर डबा! वरून गमछ्यानं बांधलेला. एका म्हाताऱ्यानं तो सरकवायला हात घातला, तर कंडक्टर खेकसला, "ओ दादा, सवारी बैठी है!"

*

डिस्क लांजीला पोचली. भाऊंनी लावली, मॅडमनी फोनवरून एकेक कमांड सांगितली. सगळं उतरलं, पण नेमका आवाज येईना. म्हणजे आवाजाचं पॅकेजच मशीन घेईना! म्हणे, पॅकेजवरची खूण आणि आतला माल जुळत नाही.

मॅडमना घाम फुटला. बालाघाटला तर जुळत होतं. वाटेत काय झालं? वाटेत किरनापूर होतं!

"गजभिये, तू काही केलं का?"

तो म्हणाला, "मॅडम, तो आवाज किती भसाडा आहे! पोरीनं जन्मभर तो ऐकाचा का? माह्या एका दोस्ताजवळ गोड आवाज होता, बाईचा. तो मी त्याच जागी, त्याच नावानं ठेवून देल्ला. मले वाटलं, ज्योत्स्नाले बरं वाटन."

आता याला रागवावं की मिठी मारावी? मॅडमनी मधला मार्ग काढला. "गजभिये, भेसळ मायेनं केली तरी भेसळच असते!"

पण मी त्या दिवशी दुकानात बसून विचार करत राहिलो. गोदामातल्या प्रत्येक पॅकेजची खूण आधीच नोंदलेली असते आणि त्या नोंदीवर ठेवणाऱ्यांची अशी सही असते, की कोणाला तिची नक्कल करता येत नाही. ते सही करणारे कुठल्या देशात, कुठल्या गावात, देव जाणे. त्यांनी लांजीचं नावही ऐकलं नसेल. आणि लांजीतलं म्हातारं मशीन गजभियेच्या गोड आवाजाला दारातच थांबवून सांगतं, की हे त्यांनी पाठवलेलं नाही! अंगावर काटा आला माझ्या.

*

हळदीच्या आदल्या दिवशी मॅडम, मी आणि गजभिये स्वतः लांजीला गेलो. बसनं परत मागवून मूळ आवाज पुन्हा भरलेली डिस्क मॅडमच्या मांडीवर, गजभियेला हात लावायची बंदी. घरात पाहुणे, अंगणात मांडवाचे खांब, आणि आम्ही शेजारच्या अभ्यासिकेत. ज्योत्स्ना खुर्चीवर ताठ बसलेली, दोन्ही हात मांडीवर.

पॅकेज उतरलं. खूण जुळली. एकही तक्रार नाही. मॅडमनी बटण दाबलं.

काहीच नाही.

पुन्हा दाबलं. पडद्यावर सगळं ठीक, आणि मशीन मुकं. वायर बदलली, हेडफोन बदलला, गजभियेनं दुसऱ्या मशीनवर करून पाहिलं, तेही मुकं. तिसरंही! ज्योत्स्ना म्हणाली, "राहू द्या मॅडम, तुम्ही लय केलं." तिचा आवाज असा होता की माझ्यानं तिच्याकडे पाहवेना.

मॅडम पुटपुटल्या, "सगळ्याच मशिनी मुक्या कशा असतीन? जसं काही आवाजाची पॅकेजंच कोणी काढून टाकली."

"ते तं मीच काढली," भाऊ दारातून म्हणाले.

आम्ही सगळे वळलो.

"पोट्टे गाणे ऐकत होते ना, मॅडम. अभ्यासिकेत शांतता पायजे. तुम्हीच तं बोर्ड लावाले सांगितला होता!"

भिंतीवर बोर्ड होताच. मोठ्या निळ्या अक्षरांत: कृपया शांतता राखा. बापानं इतक्या इमानानं शांतता राखली होती, की एकेका मशिनमधून आवाज मुळासकट उपटला होता! आणि त्यानंतर रोज तिथेच बसून लेकीच्या मशीनला वाचा फुटायची वाट पाहत होता.

भाऊ भिंतीला टेकून खालीच बसले. मॅडमनी डिस्क पुन्हा पुढ्यात ओढली. काढलेलं सगळं डिस्कवर होतंच. काढायला जेवढा वेळ लागला असेल, त्याहून कमी वेळात ते परत आलं, जसं होतं तसं, जागच्या जागी. आणि तो भसाडा, सर्दीचा आवाज लांजीत पहिल्यांदा बोलला.

भाऊंनी तोंडावर उपरणं धरलं. गजभिये म्हणाला, "इतकाही वाईट नाही हो आवाज!"

मॅडम बोर्डाकडे पाहत म्हणाल्या, "भाऊ, हा बोर्ड आता फक्त माणसांसाठी."

*

लग्नाच्या दिवशी दुपारी विहारात मंगल परिणय झाला. जेवणावळी उठल्या. वारासिवनीची गाडी दारात येऊन लागली, बाया रडायला लागल्या, संगीता सगळ्यांच्या गळ्यात पडली आणि मग म्हणाली, "ज्योत्स्ना कुठं आहे?"

ज्योत्स्ना नव्हती. घरात नाही, मांडवात नाही. बहिणीचं जाणं सहन होईना म्हणून पोर कुठे जाऊन बसली की काय! भाऊंचा चेहरा उतरला. मी आणि गजभिये धावत अभ्यासिकेत गेलो. ती तिथेच होती, लग्नाच्या साडीत, मशीनसमोर. मॅडमनी इतिहासाचं हिंदी पुस्तक स्कॅन करून दिलं होतं, ते उघडलेलं.

"अवं, ताई निघाली!" गजभिये ओरडला.

"एक धडा राह्यला, काका. थांबा म्हणा तिले."

नवरदेवाकडचे घड्याळ बघायला लागले. शेवटी नवरीच आली, शालू सावरत, डोळे पुसत. आम्ही सगळे तिच्यामागे दारात. खोलीत जो आवाज चालू होता तो वाचण्याचा आहे हेच मला आधी कळेना. भाताच्या गिरणीत पोत्यातून धान ओततात तसा एकसारखा खळखळाट! शब्द सुटा करता येईना. मला वाटलं, मशीन बिघडलं. मॅडमनी नकारार्थी मान हलवली. ज्योत्स्नानंच चाचपडत वेग वाढवला होता, पार टोकापर्यंत, आणि ती शांतपणे ऐकत होती. मधेच हसली. मधेच थांबवून एक वाक्य मागे नेलं आणि पुन्हा ऐकलं. आम्ही शिकलेसवरलेले सगळे तोंडात बोट घालून उभे. माणसाचा कान इतकं धरू शकतो, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

संगीता तिच्यामागे जाऊन उभी राहिली. "तुले समजून राह्यलं हे?"

"हौ."

"इतक्या जोरात?"

"हौ, ताई. तू लय हळू वाचत होती."

गाडीचा हॉर्न वाजला. कोणी हललं नाही.

"पहिलीपासून?" संगीतानं विचारलं.

"पहिलीपासून."

"मंग मले कधी बोलली काहून नाही?"

ज्योत्स्नानं चाचपडून मशीन बंद केलं आणि आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"तू वाचत होती ना!"