डॉक्टर इम्रींची साक्ष

पिटकार्लीच्या धक्क्यावरल्या इम्रींच्या घराला लोक ‘घाणीचं घर’ म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. स्कॉटलंडच्या त्या किनाऱ्यावर डॉक्टर निनियन इम्री वीस वर्षं समुद्रातले किडे, गोगलगाई, असलं काहीबाही चिरून बघत बसले होते. घर सांभाळायची त्यांची बहीण ग्रिझेल. तिला या सगळ्याची शिसारी. एकदा सकाळी तोंड धुवायला गेली, तर भांड्यात शेंबड्या मासा! मेलेल्या माशाच्या पोटात शिरून त्याला आतून खाणारा, हात लागला की बादलीभर शेंबूड सोडणारा. ती परसात जाऊन ओकली.

“अगं, किती देखणा आहे तो!” डॉक्टर म्हणाले.

“मग जेवायलाही त्यालाच घेऊन बस!”

तरी ती राहिली. कोळी तिच्या भावाला फुकट होडीत घेत, गळाला काही विचित्र लागलं की जपून आणून देत, ‘आपला डॉक्टर’ म्हणत. त्याचा तिला अभिमान होता.

मग वाफेची जहाजं आली. त्यांची जड जाळी समुद्राचा तळच खरवडून नेत. गळावर पोट असलेले कोळी रिकामे परतू लागले. सरकारने चौकशी लावली आणि डॉक्टरांना साक्षीला बोलावलं. त्याआधी ते एका जहाजमालकाचा पाहुणचार घेत त्याच्याच जहाजावर फिरून आले.

“बोटभर पिल्लं, ग्रिझेल,” आल्या दिवशी जेवताना ते म्हणाले. “मेलेली. फावड्याने समुद्रात लोटत होते.”

चौकशीत मात्र त्यांनी सांगितलं, समुद्र अफाट आहे, जाळ्यांनी त्याचं काही बिघडत नाही. लवकरच त्याच जहाजमालकाच्या पैशातून धक्क्यावर त्यांची प्रयोगशाळा उभी राहू लागली.

मासे विकणारी जॉनेट टार्विट रिकामी टोपली घेऊन दारात आली.

“बाई, तुमच्या भावाला मी पाठीवर घेऊन होडीत चढवलंय, नवऱ्याला चढवते तसं. का, तर बूट भिजू नयेत! आणि त्याने आमच्या पोरांच्या तोंडचा घास विकला?”

ग्रिझेलला मान वर करवेना. ती आत गेली. डॉक्टर मटण खात होते.

“मला सांगितलंस ते काय होतं मग?”

“एका जहाजावर बघितलं म्हणून सिद्ध होत नाही.”

“आणि काही बिघडत नाही, हे झालं सिद्ध?”

ते खातच राहिले. ओठांवर चरबी चकाकत होती. त्या शेंबड्या माशाचीही आली नव्हती अशी किळस तिला भावाची आली.

दुसऱ्या दिवशी ती डंडी शहरात निघून गेली आणि एका शाळामास्तरणीकडे स्वयंपाकाला राहिली. डॉक्टरांना मानपत्रं मिळाली, एका किड्याला त्यांचं नाव मिळालं. पिटकार्लीच्या होडीत मात्र त्यांना पुन्हा कुणी घेतलं नाही.

त्यांच्या मयताला ग्रिझेल आली, पण चहालाही थांबली नाही. जॉनेटने रस्त्यात विचारलं, “रडलात नाही, बाई?”

“नाही गं. अजून किळसच येते.”