पावलाचं माप घेणारी गंगम्मा

गंगम्मा दिसायला कशी होती ते आधीच सांगून टाकते, कारण लोक पहिलं तेच विचारतात. माणसं मारणारी बाई म्हणजे तांबारलेले डोळे आणि पिंजारलेले केस, असं त्यांच्या मनात पक्कं असतं. गंगम्माचा चेहरा गोल होता, कपाळावर भस्माचे तीन स्वच्छ पट्टे, बोलणं हळू, नखं कापलेली. सोनपेठच्या लिंगायत गल्लीत तिच्याइतकी नीटनेटकी विधवा दुसरी नव्हती. निजामाच्या अमलात, १९३७ ते ४३ या सहा वर्षांत तिनं सात माणसं मारली. आणि त्या सातही घरांनी तिला हात जोडले. मला चीड येते ती त्या हात जोडण्याची.

हे सगळं मला त्याच गल्लीत सून म्हणून आलेल्या महानंदामावशीनं सांगितलं. तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा अक्षराचा फरक नव्हता.

गंगम्मा आजाऱ्यांची सेवा करायची. डॉक्टर म्हणजे परभणी, आणि परभणी म्हणजे दोन दिवस मोडले. गोदाकाठचा हिवताप घरोघर. मग गंगम्माला बोलावणं जायचं. ती पायथ्याशी बसून तासन्‌तास तळवे चोळायची, चिराइताचा कडूजार काढा करून आणायची. रोगी बरा झाला तर लोक देवाचं नाव घेत. मेला, तर गंगम्माचं. कारण मेल्यावर जे करायचं असतं ते तिच्यासारखं कुणालाच येत नव्हतं.

आमच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, पुरतात, आणि तेही बसवून. आंघोळ घालायची, भस्म लावायचं, मांडी घालून, पाठ ताठ करून, मान पडू न देता बसवायचं, तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवायचं. देह ताठरला की हे जमत नाही, घाई लागते. शिवाय आमच्या गल्लीत समाधीचा खड्डा मेलेल्याच्या पावलाच्या मापानं, इतकी पावलं लांब, इतकी खोल असा खणायची रीत. गंगम्मा दोऱ्यानं पाऊल मोजायची आणि तो दोरा खड्डे खणणाऱ्या लिंबाजीकडे धाडायची. तिनं बसवलेला माणूस झोपेतून उठून बसल्यासारखा दिसे. पाहुणे म्हणत, "मरण यावं तर गंगम्माच्या हातचं." असलं बोलणाऱ्यांच्या मुस्काटात द्यायला हवी होती. ती मात्र हे ऐकून लाजायची. नव्या नवरीसारखी.

पुढेपुढे दोरा लवकर जायला लागला. आधी मरणानंतर तासाभरात, मग मरणाच्या घटकेला, मग त्याच्याही आधी. पाहुणे यायच्या आत खड्डा तयार, फुलं तयार. यात कुणाला काही वावगं वाटलं का? अजिबात नाही. गल्लीनं ठरवलं की गंगम्माला मरण आधी दिसतं, शिवानं तिला दृष्टी दिली आहे. शहाणीसुरती, दुकानं चालवणारी माणसं ही. वजनकाट्यात गुंजेचा फरक पकडत होती!

महानंदामावशीचे सासरे कल्याणराव १९४१ साली असेच गेले. दोरा सकाळी गेला, ते दुपारी. सासू चतुराबाईंनी गंगम्माला नवं लुगडं दिलं.

दोन वर्षांनी मावशीच्या नवऱ्याला, चंद्रप्पाला, हिवताप आला. लग्नाला तीन वर्षं झालेली, मावशी वीस वर्षांची. चतुराबाईंनी लगेच गंगम्माला बोलावलं. मावशीनं गुपचूप परभणीहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या मागवल्या आणि गुळात घालून नवऱ्याला चारल्या. पाचव्या दिवशी ताप उतरला. सहाव्या दिवशी सकाळी चंद्रप्पा ओसरीवर बसून दुधात भाकर कुस्करून खात होता, तेवढ्यात लिंबाजी दारात आला. खांद्यावर कुदळ. चंद्रप्पाला बघून तो उंबऱ्यातच थबकला.

"मालक, तुमी जेवायलाव?"

"मग काय, भजन करू? ये की. काय काढलंस?"

"न्हाई… खाली खडक लागला. म्हणलं इचारावं, जरा सरकून खांदू का."

"कुणाचा रं खड्डा?"

लिंबाजीनं कनवटीचा दोरा काढून नुसता पुढे धरला. "काल सांजच्याला गंगम्मानं धाडला, मालक. माझा काय गुन्हा न्हाई."

मावशी चुलीपासून उठून आली. तिनं दोरा घेतला, नवऱ्याच्या टाचेला एक टोक धरलं, अंगठ्यापर्यंत ताणलं. तंतोतंत. चंद्रप्पाचा घास तोंडातच राहिला.

चतुराबाईंनी हंबरडा फोडला. "शिवा, शिवा! तिला दिसलं गं! माझं लेकरू जातंय आता. मठातल्या स्वामींना बोलवा!"

"ताप उतरलाय, दोन भाकरी खाल्ल्यात त्यांनी," मावशी म्हणाली. "आन् तिला मरण कुठून दिसलं? तिच्या काढ्यात?"

"जीभ झडंल तुझी!"

मावशीला तेव्हाही खात्री नव्हती, हे ती प्रामाणिकपणे सांगायची. तिला एवढंच कळत होतं की गंगम्मा आज पुन्हा काढा घेऊन येणार आणि सासू तो नवऱ्याला पाजणार. त्या घरात सुनेचा शब्द चालत नव्हता. तिनं लिंबाजीला अंगणात बसवून ठेवलं.

दुपारी गंगम्मा आली. हातात झाकलेला तांब्या. लिंबाजीला बघून दचकली नाही. चंद्रप्पाच्या पायथ्याशी बसली आणि तळवे हातात घेतले. "गार पडायलेत का रे, बाळा? ओकारी येती का?" विचारण्यात केवढी माया. भुकेला माणूस भात शिजला का विचारतो, तशी ती विचारत होती.

"गंगम्मा, आधी तुमी एक घोट घ्या," मावशी म्हणाली.

"मला सोमवार हाय गं."

"काढ्याला कसला सोमवार?"

चतुराबाई ताडकन उठल्या. "लाज सोडली का गं? सासऱ्याला हिनंच शिवाजवळ बसवलं, आन् तू हिला पारखतीस? आणा तो तांब्या, मी पिते. हिचं तोंड तरी बंद होईल."

त्यांनी झाकण काढलं, तांब्या ओठाला लावला आणि गंगम्माकडे पाहिलं. ती थांबवेल, असं त्यांना वाटलं. धडधाकट माणसाला काढा कशाला, एवढं तरी म्हणेल.

गंगम्मा म्हणाली, "सावकाश घ्या, अक्का. कडू हाय जरा."

आणि तिची नजर चंद्रप्पाच्या पायांवरून निघाली, जमिनीवरून सरकत आली आणि चतुराबाईंच्या पायांवर थांबली. टाचेपासून अंगठ्यापर्यंत. हा किळसवाणा क्षण मावशीनं पाहिला, पण महत्त्वाचं म्हणजे चतुराबाईंनीही पाहिला. त्यांनी पाय लुगड्यात ओढून घेतले. तांब्या खाली ठेवला, एक थेंब न सांडता.

"महानंदा," त्या म्हणाल्या, "दार लाव."

गंगम्मा पळाली नाही, ओरडली नाही. पाणी मागितलं. मावशीनं दिलं नाही. लिंबाजी ठाण्यावर धावला.

काढ्यात कण्हेरीचं मूळ होतं. ज्या झाडाची फुलं ती रोज पिंडीवर वाहायची, त्याचंच. ठाण्याच्या अमीनसाहेबांनी, म्हणजे फौजदारांनी, नंतर चौकशी करून पाच मरणं मोजली, तर गंगम्मानं त्यांची चूक सुधारली. सात. घरांची नावं क्रमानं सांगितली, कुणाची मान कशी नीट राहिली तेसुद्धा. का मारलीस, तर म्हणाली, "माझ्याशिवाय कुणाला बसवायला जमत न्हाई." बस. पुढे कॉलेजात मानसशास्त्र शिकवताना प्राध्यापक आम्हाला असल्या माणसांचं बालपण शोधायला सांगत. मी शोधलं. तिच्या माहेरच्या म्हाताऱ्यांना जाऊन विचारलं. मार नाही, उपासमार नाही, सावत्र आई नाही. चारचौघींसारखं बालपण. वाहवा मिळायची चटक लागली, आणि वाहवा मिळायला मढं लागतं, एवढंच तिचं तत्त्वज्ञान. त्यात खोल काही असेल असं मला वाटत नाही. डबकंही खोल वाटतं, तळ दिसत नाही म्हणून.

त्याच दिवशी संध्याकाळी ठाण्यावर बयानं झाली. मुन्शी उर्दूत लिहून घेत होता. महानंदामावशीनं दोरा दिला, सांगायचं ते सांगितलं. चंद्रप्पा बैलगाडीत पडून होता, अशक्त पण जिवंत. चतुराबाईंची पाळी आली. त्यांनी आजचं सगळं सांगितलं, अंगठा उठवला, पण उठल्या नाहीत.

"अजून एक लिवा," त्या म्हणाल्या. "आमचे मालक दोन वर्साखाली गेले. त्यांना काढा नको व्हता. लय कडू लागायलाय म्हणत व्हते, तोंड फिरवत व्हते."

"ठीक आहे, आई, ते आलं त्यात," मुन्शी म्हणाला.

"न्हाई आलं. गंगम्मानं तांब्या धरला व्हता. जबडा म्या धरला व्हता."

मुन्शीनं अमीनसाहेबांकडे पाहिलं. हे लिहायची जरुरी नाही, असं साहेबांनी हातानंच सांगितलं.

"लिवा," चतुराबाई म्हणाल्या, आणि तो लिहीपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या.