चिखलबाईंचा समुद्र

आमच्या मॅडम प्रयोगशाळेत आल्या की आधी खिडक्या लावत. नगरच्या भर उन्हाळ्यातही. बाहेरचे परागकण आत येतील ही भीती. गजरा माळलेली मुलगी दाराबाहेर थांबे. पाहुण्यांचे पुष्पगुच्छ शिपायाच्या खोलीत जात. त्यामुळे पाहुणेही पुढे येईनासे झाले. मुलं त्यांना चिखलबाई म्हणत.

त्यांचं काम म्हणजे कोकणातल्या खाड्यांच्या तळचा चिखल आणायचा, आम्लात विरघळवायचा आणि त्यातूनही तगलेले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे. त्यावरून हजारो वर्षांपूर्वी तिथे खारफुटी होती की माळरान, म्हणजेच समुद्र कुठवर होता, ते कळे. हे सगळं नगरमध्ये, जिथे नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करतात. शेवगावचे त्यांचे चुलते एकदा म्हणाले, "येवढी शिकलीस, तर मळ्यात बोअर कुठं घ्यायचा तेवढं सांग की!"

"नाना, मला जुनं पाणी कळतं. ताजं न्हाई."

मी त्यांच्याकडे पीएचडी करत होतो. माझ्या नमुन्यांत सूर्यफुलाच्या कुळातले काटेरी कण भरभरून निघाले. म्हणजे माळरान! म्हणजे समुद्र हटला होता! परिषदेसाठी मी 'सागराची माघार' असा निबंध लिहिला आणि कोट शिवायला टाकला. मॅडमनी भिंगाला डोळा लावला, तो बराच वेळ काढलाच नाही.

"खंडेनवमीची पूजा कुणी केली इथं?"

"मीच, मॅडम. सूक्ष्मदर्शकाला हार घातला."

"झेंडूचा?"

"हो. जरा मोठाच होता."

"आन् शेजारी बीकर उघडे?" रागावल्या की त्या शेवगावी बोलत. "आरं, झेंडू बी सूर्यफुलाच्याच कुळातला! हे कण अजून पिवळेधमक हायेत! समुद्र मागं गेला न्हाई, दसरा पुढं आलाय!"

निबंध मागे घेतला. कोट मात्र शिवून आला. उरलेल्या चिखलापासून सगळं पुन्हा सुरू केलं. मधेच मॅडम निवृत्त झाल्या, आजारी पडल्या आणि पुण्याला मुलीकडे गेल्या.

नवे नमुने तपासून झाल्यावर मी त्यांना फोन केला. "मॅडम, तळापासून वरपर्यंत खारफुटीच आहे. काही घडलंच नाही. समुद्र होता तिथंच होता. याला पीएचडी कोण देणार?"

पलीकडे खोकला, मग हसू. "तसंच लिही. कुणीतरी जागेवर राहिलंय, ते तरी नीट लिही."

प्रबंध बांधून येईपर्यंत त्या गेल्या. तो अजून कुणी वाचलेला नाही. पण त्यातलं एकही वाक्य मला खोडावं लागलेलं नाही.