पालथा पेला

माधवअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी रडले नाही, चिडले. त्यांची सून वैशाली हुंदके देत सांगत होती आणि मी इकडून "म्हणजे काय? गेल्या आठवड्यात तर बसलो होतो आम्ही..." असं भांडल्यासारखी बोलत होते. महिना उलटून गेला. चीड अजून उतरलेली नाही आणि ती काढावी कुणावर तेही कळत नाही, म्हणून लिहायला बसले.

आम्ही तिघं होतो. माधवअण्णा कडकोळच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, सेतुराव नंजनगूडहून सकाळच्या गाडीने येणारे, आणि मी, कॉलेजात केमिस्ट्री शिकवून घसा बसलेली. सरस्वतीपुरमच्या एका दर्शिनीत, म्हणजे इडली-कॉफीच्या छोट्या हॉटेलात, आपापला इंग्रजी पेपर घेऊन आम्ही रोज त्यातलं गूढ शब्दकोडं सोडवायचो. ज्यांना हे व्यसन नाही त्यांच्यासाठी सांगते, यात सूत्र वरून एक दिसतं, असतं दुसरंच. 'सरकारच्या पोटात गाडी' म्हटलं की राजकारण आठवायचं नाही, 'सरकार' या शब्दातच 'कार' दडलीय ते बघायचं. इतकं सोपं अर्थात कधीच नसतं. एकेका सूत्रापायी माझ्या पोळ्या करपल्यात.

आमचा एक नियम होता, तोही अण्णांचाच. अडलेलं सूत्र ज्याला सुटेल त्याने ब्र काढायचा नाही. कॉफी संपवून पेला डवऱ्यात, त्याखालच्या पसरट वाटीत, पालथा घालायचा, बस्स. इतरांनी विचारायचं नाही. जो विचारेल त्याचं त्या दिवसापुरतं कोडं संपलं, त्याने पेपराची घडी घालायची. "सांगितलेलं उत्तर म्हणजे उष्टं अन्न, बाई," अण्णा म्हणायचे. मी किती वाद घातला, पण पालथ्या घड्यावर पाणी. पेला उलटा करून ते मिशीत हसत रहदारी बघत बसायचे आणि आम्ही दोघं जळायचो. एकदा न राहवून मी विचारलंच. "सुम्ने इरी, बाई. गप्प बसा. डोकं आहे की तुम्हाला," म्हणत त्यांनी माझा पेपर घडी करून माझ्याच पर्समध्ये कोंबला. उरलेला वेळ मी नुसतं सांबार ढवळत होते.

पण माझे यजमान गेले तेव्हा मला घराबाहेर काढलं ते याच माणसाने. सांत्वन वगैरे काही नाही. दारात उभे राहिले, पेपर पुढे केला. "तीन आडवं अडलंय. येताय की नाही?"

त्या शेवटच्या सकाळी एक उभं सूत्र कुणालाच सुटत नव्हतं. अण्णांचा फोन वाजला. ते बाहेर फुटपाथवर जाऊन बोलले, परत येऊन बसले, कोड्याकडे बघितलं. उरलेली कॉफी एका घोटात संपवली आणि पेला पालथा घातला.

"अय्यो, सुटलं यांना!" सेतुराव करवादले.

मी पेपरात डोकं खुपसलं. अण्णांचा चेहरा उतरला होता का? बघितलाच नाही. थोड्या वेळाने "येतो मी" म्हणाले. मीही मान वर न करता म्हटलं, "या. उद्या बघतेच तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. पाहुणे आलेत, असा निरोप आला. मग थेट तो फोन...

तेरावं झाल्यावर वैशालीने सांगितलं. त्या सकाळी फोन डॉक्टरांचा होता. हृदयाच्या तपासणीत भलतंच निघालं होतं, आजच्या आज दाखल व्हा म्हणाले होते. हे घरच्यांना कळलं तेही अण्णा गेल्यावर, डॉक्टरांकडूनच. "मामंजी आम्हाला काहीच बोलले नाहीत हो. वाटलं, तुम्हाला तरी सांगितलं असेल. रोज बसत होता की तुम्ही," ती म्हणाली.

काय सांगणार मी तिला? की सांगितलं असेलही, पण आमच्यात विचारायची पद्धत नाही? सेतुराव म्हणतात, सूत्रच सुटलं असेल त्यांना, फोनशी काही संबंध नाही. असेल तसंही. पण मला कळायचं कसं आता? एका शब्दाने विचारलं असतं तर रिक्षात कोंबून नेलं असतं मी त्यांना. आणि अहो अण्णा, तुम्हाला तरी तोंड नव्हतं का? आयुष्यभर दुसऱ्यांना ताटकळत ठेवण्यात कसली आली मजा!

आता आम्ही दोघंच बसतो. परवा सेतुरावांनी कॉफी संपवली आणि पेला पालथा घातला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही हो, नऊ आडवं सुटलं."

"उत्तर सांगा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं. बरोबर होतं. मी पेपराची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि रहदारी बघत बसले. नियम तो नियम. काल पुन्हा विचारलं, आजही विचारलं. माझं कोडं हल्ली रोज अर्धवट राहतं.