हवाबंद खिडकी

बोरी अरबमध्ये ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या करणारे दोघं-तिघं आहेत, पण स्वतःच्या कामावर फिदा असलेला माणूस एकच, आमचे शेजारी जफरभाई. खिडकी बसवून झाली की ते उदबत्ती पेटवून फटीशी धरत. धूर सरळ वर गेला, जरासाही हलला नाही, की घरमालकाकडे बघून म्हणत, "आता हवेलेही बेल वाजवून या लागन!" आमच्या घरीही हे नाटक झालं. मी म्हटलं, "जफरभाई, आम्ही उदबत्ती देवाला ओवाळतो, तुम्ही खिडकीला." तर हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा हसायचे खूप.

त्यांची बायको जैनबबी. मी तिला भाभी म्हणायची, ती मला रत्नाताई. तिला दमा, तोही थंडीत उठणारा. त्यांच्या घराची जुनी लाकडी खिडकी दिवाळीला चिंध्या कोंबून बंद व्हायची ती होळीलाच उघडायची. तोवर भाभी अंधारात पलंगावर बसून. औषधांबद्दल ती कधी कुरकुरली नाही, पण एक गोष्ट मात्र दर हिवाळ्यात म्हणायची, "मले रस्ता दिसत नाई, ताई. कोन आलं, कोन गेलं, काही समजत नाई."

म्हणून गेल्या पावसाळ्यानंतर जफरभाईंनी ती लाकडी खिडकी काढली आणि पलंगाला लागून मोठी काचेची खिडकी बसवली. थंडी बाहेर राहील आणि रस्ता घरात येईल, असा हिशेब. उदबत्ती धरली. धूर सरळ वर गेला. भाभीने टाळ्या वाजवल्या.

पहिल्या कडक थंडीच्या सकाळी अख्खी काच पाण्याने भरली. रस्ता सोडा, समोरचा विजेचा खांबसुद्धा दिसेना. ओघळ खाली उतरून खिडकीचा कट्टा ओला, भिंतीचा रंग फुगला, आणि पंधरवड्यात पलंगामागे काळी बुरशी चढली. जफरभाईंच्या मते पाणी बाहेरून झिरपत होतं. आपल्या खिडकीत फट राहिली, हा त्यांना अपमानच वाटला. त्यांनी चारही बाजूंनी पुन्हा सिलिकॉन भरलं. पाणी वाढलं. छताजवळचा झरोका, वरचं रोशनदानही काच लावून बंद केलं. आणखी वाढलं. मग काचेला साबण चोळला, कापलेला बटाटा फिरवला, मिठाची वाटी ठेवली. मिठाचा चिखल झाला.

मला राहवेना. म्हटलं, "अहो, पाणी आतलंच आहे. भाजीवरच्या झाकणाला सुटतं तसं. वाफारा घ्यायचं पातेलं दिवसभर शेगडीवर, दोरीवर ओले कपडे, त्यात तुम्हा दोघांचे श्वास. जाणार कुठं ते? दोन बोटं फट ठेवा."

जफरभाई दुखावले. "काय बोलता, ताई! तिले श्वासच पुरत नाई. त्याचं कुठचं पानी होते?"

तरी त्यांनी खिडकी दोन बोटं सरकवली, कपडे बाहेर वाळत घातले. दोन दिवस काच लवकर मोकळी झाली. भाभीने आतून मला हात केला, मी रस्त्यावरून केला. तिसऱ्या दिवशी बोचरं वारं सुटलं आणि पलीकडे कोणीतरी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवल्या. धूर आणि गारठा त्याच फटीतून आत शिरला. भाभीला असा दम लागला की तिचे ओठ निळे पडले. जफरभाईंनी खिडकी लावली, वरून चिकटपट्टी मारली. मला एका शब्दाने बोलले नाहीत. पुढे मीही तो विषय काढला नाही. काढून सांगणार काय होते? उघडली तर धूर आणि थंडी, लावली तर बुरशी. देवाने त्या माणसासमोर दोनच दारं ठेवली होती आणि दोन्हींमागे भाभीचा दमाच. मला फार चीड आली होती, पण चिडायचं कुणावर?

यवतमाळचे डॉक्टर भिंतीचा फोटो पाहून म्हणाले, खोली बदला. घरात दुसरी खोली होती ती टिनाची, आणखी गार. म्हणजे बदलायला खोलीच नव्हती. मग राहिलं फक्त पुसणं. रोज सकाळी जफरभाई भाभीच्या जुन्या दुपट्ट्याने काच पुसत, दुपट्टा बादलीत पिळत, परत पुसत. पलंगावरून ती विचारायची, "झाला का माया रस्ता साफ?"

"झाला. पाह्य."

ती उशीला टेकून बसेपर्यंत काच पुन्हा धुरकट व्हायची. ती तरी म्हणायची, "दिसला, दिसला." मी दारात उभी असायची. काही दिसत नव्हतं.

संक्रांतीच्या आठवड्यात भाभी यवतमाळच्या वाटेवर गाडीतच गेली. संध्याकाळी दफन झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा आणि पोहे घेऊन गेले, कारण मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही. टिनाच्या खोलीत पाहुणे दाटीने बसले होते. भाभीच्या खोलीत रात्री कुणीच झोपलं नव्हतं. जफरभाई तिथे एकटे, दुपट्टा हातात घेऊन खिडकीशी उभे होते. सवयीने आले असतील.

काच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत कोरडी होती. रस्ता स्वच्छ दिसत होता. शाळेत जाणाऱ्या मुली, दूधवाला, यष्टीची वाट बघणारी माणसं, सगळं.

"ताई," मागे न वळता ते म्हणाले, "आज थंडी जास्त हाय ना?"

"आहे."

"कालच्यापेक्षा?"

"हो, जफरभाई."

त्यांनी काचेवरून तळहात फिरवला आणि मला दाखवला. कोरडा. "मंग पानी कुठं गेलं?"

मी चहाची किटली खाली ठेवली. मला उत्तर ठाऊक होतं, आणि ते त्यांनाही कळलं होतं. त्यांनी काचेजवळ तोंड नेऊन हळूच श्वास सोडला. बशीएवढा डाग उमटला आणि विरून गेला. हातातला दुपट्टा तसाच राहिला.

"तिचाच श्वास होता तो," ते म्हणाले. "तेवढाच तर होता तिच्यापाशी. अन् मी तो रोज बादलीत पिळून फेकून देऊन राह्यलो होतो."