चिमणीचा उन्हाळा

वच्छलाबाईंशी माझा परिचय प्रौढ साक्षरता वर्गात झाला असे म्हटले, तर ते पूर्ण खरे होणार नाही. मी त्यांना प्रथम पाहिले ते वर्गाबाहेर, शाळेच्या फाटकासमोर, जेथे मातीची गल्ली संपून डांबरी रस्ता सुरू होतो तेथे. मे महिन्यातील सायंकाळचे सव्वासहा वाजले होते. त्यांनी पायातील चपला काढून हातात घेतल्या होत्या, दोन्ही पाय डांबरावर जुळवून ठेवले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. जवळच ओट्याच्या सावलीत एक उंच, तांबूस, सडपातळ कुत्री बसून त्यांच्याकडे एकटक पाहत होती. बाईंचा काही नवस असावा, असे समजून मी आदराने बाजूला उभा राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी चपला घातल्या आणि त्या म्हणाल्या, "अठरालाच भाजलं. अजून अर्धा घंटा नाय जमायचं, चिमणे." कुत्रीने हे ऐकून जांभई दिली.

पुढे आम्ही वर्गात एकाच बाकावर बसू लागलो आणि त्यांची हकिकत मला थोडी थोडी कळत गेली. ती मी येथे क्रमाने मांडतो.

वच्छलाबाई मूळच्या देवगाव रंगारीच्या. वय बासष्ट. त्यांची सून आजारपणात वारली, त्या वर्षी त्या नातीसाठी गाव सोडून शहरात, हडको वसाहतीतील मुलाच्या घरी राहावयास आल्या. नात श्रेया त्या वेळी दहावीत होती. आई गेल्यावर ती मुलगी घरात कोणाशी धड बोलत नसे. एके दिवशी ती मैत्रिणीकडून एक पिल्लू दप्तरात घालून घेऊन आली आणि त्या रात्री जेवताना प्रथमच मोठ्याने बोलली, "आजी, हिचं नाव चिमणी." पिल्लू तेव्हा ओंजळीत मावत होते, म्हणून नाव शोभले. पुढे पिल्लू कारवान या शिकारी जातीचे निघाले. लांब पाय, आत ओढलेले पोट, आणि शेपटी हलली की चहाचा कप खाली. दोन वर्षांत चिमणी वच्छलाबाईंच्या कमरेला लागली, पण नाव तेच राहिले.

श्रेया परिचारिकेच्या शिक्षणासाठी नाशिकला गेली, तेव्हा एसटीत चढताना तिने आजीचा हात धरून ठेवला होता. "आजी, मी येईस्तोवर हिला कुठं धाडू देऊ नको. शपथ घे." वच्छलाबाईंनी शपथ घेतली. हिवाळा सुखात गेला. त्या उजाडले की चिमणीला हर्सूलच्या बाजूच्या मोकळ्या माळावर नेत. चिमणी तासभर पळे आणि मग दिवसभर झोपे.

होळी झाली आणि ऊन तापले. सात वाजताच माळ पोळू लागला, तासाचा अर्धा तास झाला. पुढे सायंकाळपर्यंत चिमणी दोन खोल्यांत कोंडली जाई. पळण्यासाठी जन्मलेल्या जनावराचे पाय घरात काय करणार? तिने मुलाचे कंपनीचे बूट फाडले, कूलरची वाळ्याची जाळी ओरबाडली आणि रामनवमीच्या दुपारी गादीचा कापूस अंगणभर केला. वच्छलाबाईंचा मुलगा विश्वजीत वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जातो. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने तो कापूस पाहिला.

"माय, हे बघ. आता मी झोपू कशावर?"

"पाय वळवळतेत रे तिचे. पळायला नाय मिळत."

"मग पाचोडला पळू दे. आपल्या माऊलीदादाच्या कांदाचाळीवर धाडतो. राखण बी करील."

"बांधून ठेवतेत तिथं."

"बांधतील नायतर काय, पाळण्यात घालतील? जूनपर्यंत बघतो माय. तवर नाय सुधारली तर धाडली म्हणून समज."

श्रेया जूनमध्ये येणार होती. वच्छलाबाईंनी मनात दिवस मोजले आणि त्यांना जे ठाऊक होते, ते त्यांनी केले.

देवगावात चैत्र-वैशाखात कोणी कांद्याशिवाय उन्हात पाऊल टाकीत नसे. विश्वजीत शाळेत जाई, तेव्हा त्याच्या खिशात त्या रोज एक कांदा घालीत, आणि तो घरी आला की त्याच्या तळव्यांना कांद्याचा रस चोळीत. ऊन डोक्यात जाते आणि मग जनावर असो की लेकरू, ते सैरभैर होते, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांनी फडक्यात कांदा बांधून चिमणीच्या पट्ट्याला लटकवला. चिमणीने तो फडक्यासकट चावला. वच्छलाबाई हसल्या. "खा बाई, खा. पोटातून थंडावा लागतोय." दुसऱ्या दिवसापासून त्या तिच्या ताक-भाकरीत कांदा चिरून घालू लागल्या. एक कांदा दुपारी, अर्धा सांजच्याला.

सहाव्या दिवशी चिमणी शांत झाली. ती कूलरसमोर आडवी पडून राहू लागली. बूट जागच्या जागी राहिले. विश्वजीत रात्रपाळीहून येऊन सलग सहा तास झोपला आणि उठल्यावर म्हणाला, "माय, काय जादू केली?"

"कांदा."

"मग आधी नाय का द्यायचा!"

वच्छलाबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी श्रेयाला फोन लावायला सांगितले आणि मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल असे, कळवले, "तुझी चिमणी शहाणी झाली गं."

आठव्या दिवशी पहाटे चिमणी माळापर्यंत चालली नाही. वाटेत एका नव्या बांधकामापुढच्या वाळूवर ती लघवीला बसली. उजाडत होते. वच्छलाबाईंनी वाळूकडे पाहिले. रंग कोऱ्या चहासारखा काळपट होता. त्यांनी गुडघे टेकून चिमणीचा ओठ वर केला. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या. त्यांनी जन्मभर गाई-म्हशी पाहिल्या होत्या, तेव्हा पांढऱ्या हिरड्यांचा अर्थ त्यांना कोणी सांगावा लागला नाही. त्यांनी रिक्षा थांबवली आणि कमरेएवढी ती कुत्री एकट्याने उचलून आत ठेवली.

टीव्ही सेंटरजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर आमरीन नावाची तरुण मुलगी बसते. तिने रक्त घेतले, डोळे पाहिले आणि प्रश्न सुरू केले.

"आजी, उंदराचं औषध वगैरे खाल्लं का कुठं?"

"नाय."

"चॉकलेट?"

"आमालाच नाय मिळत, तिला कुठून?"

"मग आठ दिवसांत काय काय घातलं, सगळं सांगा."

"भाकर. ताक. भात एक दिवस. अन् कांदा."

डॉक्टरांचा हात थांबला. "किती कांदा?"

वच्छलाबाईंनी सांगितले.

"अम्मा," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, "कांद्यानं कुत्र्याचं रक्त नासतं. ती शांत नव्हती झाली. तिच्या अंगात ताकद नव्हती."

"उन्हाचा दिला हो. माझ्या लेकराला देत व्हते, तोच दिला."

"मालूम है मुझे. माझी नानीपण आमच्या खिशात घालायची. माणसाला चालतो, हिला नाही चालत. रडू नका. वेळेवर आणलंय तुम्ही."

चार दिवस सलाईन चालले. वच्छलाबाई दवाखान्याच्या बाकावर बसून राहिल्या. पहिल्या दिवशी दुपारी विश्वजीत पाळीवरून परस्पर तेथे आला, गणवेश तसाच. त्यांनी त्याला सारे सांगितले, काही लपवले नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "मीच मारीत व्हते रे तिला. अन् वरून शहाणी झाली म्हणत व्हते."

विश्वजीतने चिमणीच्या नाकावरची माशी हाकलली. मग म्हणाला, "मलाबी तूच खाऊ घातलं ना माय? जगलोच की मी."

घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. महिनाभर हिला पळवू नका, आणि पुढेही डांबर हाताला सोसत नसेल तर हिला त्यावर नेऊ नका. मात्र नुसते बसवूनही ठेवू नका. नाकाला काम द्या. पंधरा मिनिटे मन लावून हुंगले की कुत्रे तासभर पळाल्यासारखे थकते. त्याबरोबर काय खाऊ घालू नये याचा एक छापील कागदही दिला. तो कागद वच्छलाबाईंनी घरी नेऊन उलटसुलट करून पाहिला. विश्वजीत कामावर गेला होता. त्या कागदापायीच त्या दुसऱ्या आठवड्यात साक्षरता वर्गाला आल्या.

रस्ता पाहण्याची त्यांची रीत मी आरंभी सांगितली आहे. डॉक्टरांनी हात सांगितला होता, पण त्यांचा विश्वास पायावर. "तिचे तळवे नाजूक, माझे जाड," त्या म्हणत, "म्हणून तिचे दहा, तर माझे वीस मोजायचे." वीस पूर्ण झाले तरच चिमणीचे पाऊल डांबरावर पडे.

नाकाच्या कामासाठी त्यांनी गोधडी शिवली. गोधडीत वच्छलाबाईंचा हात देवगावात नावाजलेला. जुनी नऊवारी, विश्वजीतचे गणवेश आणि श्रेयाच्या शाळेच्या ओढणीचे तुकडे घेऊन त्यांनी दाट टाक्यांची गोधडी घातली आणि तिच्यावर लहान लहान कप्पे बसवले. प्रत्येक कप्प्याची एक बाजू मोकळी. गोधडी शिवणाऱ्या बाईला उघडा टाका म्हणजे लाज. त्यांनी असे चाळीस उघडे टाके स्वतःच्या हाताने सोडले. "कोणी देवगावची बघील तर म्हणंल, म्हातारीला दिसंना आता." त्या कप्प्यांत त्या भाकरीचे नखाएवढे तुकडे लपवीत आणि गोधडी फरशीवर अंथरीत. चिमणी नाक टेकवून एकेका कप्प्यापाशी थांबे, फुरफुर श्वास घेई, जिभेने तुकडा काढी. पहिल्या दिवशी तिला अर्धा घंटा लागला, आणि ती गोधडीवरच झोपली. चौथ्या दिवशी तिने पाच मिनिटांत सारे उरकले. मग वच्छलाबाईंनी कप्प्यांत कप्पे केले.

नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून तांदूळ धुतलेले पाणी त्या गोणपाटावर शिंपडीत आणि गोणपाट चिमणीला गारव्यासाठी दाराशी घालीत. अळणी ताक वाटीत गोठवून देत. चिमणी ती वाटी घरभर ढकलत चाटत फिरे, खणखण आवाज करीत. रात्रपाळीच्या दिवशी वच्छलाबाई वाटीखाली फडके घालीत.

मेच्या अखेरीस एके सकाळी विश्वजीत कामावर निघाला आणि त्याचा एक मोजा सापडेना. तोच कॉटखालून काही तरी सुसाट निघाले, दोन्ही खोल्यांतून तीन फेऱ्या मारून अंगणात गेले. चिमणीच्या तोंडात मोजा होता.

"माय! झाली का परत सुरू!" विश्वजीत ओरडला. मग त्याने दुसराही मोजा काढून तिच्यापुढे टाकला आणि चपला घालूनच कामावर गेला. वच्छलाबाई चुलीपाशी तशाच उभ्या राहिल्या. भाकरी करपली, तेव्हा त्या भानावर आल्या.

चारच दिवसांत पाचोडहून माऊलीदादांचा फोन आला. "कवा धाडतो रे कुत्री?"

"नाय जमायचं दादा," विश्वजीत म्हणाला. "डॉक्टरनं तिला कांदा बंद केलाय. अन् तुमच्याकडं कांद्याबिगर हाय काय?"

वच्छलाबाई आत पीठ चाळत होत्या. त्यांनी चाळण थांबवली नाही, पण पीठ कधीच चाळून झाले होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात श्रेया आली. चिमणीने तिला दारातच आडवी पाडली. दोघींचा गोंधळ शमण्याआधीच, पाण्याचा तांब्या हातात असतानाच, वच्छलाबाई म्हणाल्या, "श्रे, आधी ऐकून घे. मी तिला कांदा घातला व्हता. तुला शहाणी झाली म्हणले, तवा ती मरायला टेकली व्हती."

श्रेयाने चिमणीचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. त्या गुलाबी होत्या. मग तिने खाली अंथरलेल्या गोधडीच्या एका कप्प्यात बोट घातले. तिला आपल्याच जुन्या ओढणीचा तुकडा ओळखू आला. आतून भाकरीचा कण निघाला, तो चिमणीने तिच्या बोटावरून चाटून घेतला.

"आजी," ती नाक पुसत म्हणाली, "हॉस्टेलवर मलापण अशी एक शिवून दे. अन् माझ्या कप्प्यांत शेंगदाण्याचे लाडू घाल."

वर्ग संपताना आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला ओळखीच्या एका माणसाबद्दल लिहून आणण्यास सांगितले. मी वच्छलाबाईंना विचारले की तुमच्याविषयी लिहिले तर चालेल काय. त्यांच्या पदराच्या गाठीत डॉक्टरांचा तो कागद होता. त्यांनी तो काढून मांडीवर पसरला. पहिल्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी 'कां', 'दा' अशी दोन्ही अक्षरे सावकाश लावली आणि बोट तेथेच ठेवून त्या मला म्हणाल्या,

"लिहा भाऊ. गोधडीचं लिहा, चिमणीचं चांगलं लिहा. पण कांद्याचं गाळू नका."