भिंतीवरचे खाडे

मी डॉक्टर झाले तेव्हा गिरगावातल्या आमच्या चाळीत पेढे वाटले. पण दवाखान्याची पाटी लावायचं सोडून मी परळला एका संशोधन कचेरीत साथींचा माग काढायची नोकरी धरली, तेव्हा वडिलांनी चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी बोलले ते शेजाऱ्यांशी, पण मला ऐकू येईल अशा बेताने. "लोकांच्या मुली औषध देतात. आमची दारोदार जाऊन विचारते, जुलाब किती झाले?" आता यात खोटं काय होतं? तेच माझं काम होतं, आणि मला ते भारी आवडायचं.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. रोज कुठे ना कुठे सभा, नाहीतर मोर्चा. अशात एका गुरुवारी लालबागच्या एका चाळीतून निरोप आला की कालपासून माणसं उलट्या-जुलाबांनी लोळताहेत. गिरणी कामगारांची चाळ. बायका-मुलं कोकणात, आणि इथे एकेका खोलीत दहा-बारा पुरुष. साहेबांनी मला वही दिली आणि म्हणाले, "सोमवारपर्यंत कारण हवं. म्युनिसिपालिटीला कळवायचंय."

ही माझी पहिली स्वतंत्र साथ! मी पदर खोचला आणि दोन दिवसांत आजारी पडलेला एकूण एक माणूस गाठला. कुठे जेवता? "तळमजल्यावर मावशीकडे." मंगळवारी संध्याकाळी कुठे होता? "खोलीवरच." मावशीकडे, खोलीवरच. मावशीकडे, खोलीवरच. शनिवारी दुपारी वही मिटली तेव्हा मला वाटलं, एवढं सोपं असतं तर लोक या शास्त्राला कठीण का म्हणतात? मी अहवालही लिहून टाकला. मावशीची खाणावळ बंद करावी.

खरं तर तो तसाच साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. पण म्हटलं, त्या बाईला आपण तोंडावर सांगावं. त्यात न्याय कमी आणि मिरवायची हौस जास्त होती, हे आज कबूल करते.

मावशी चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. नवरा गेल्यावर याच चुलीवर तिने दोन मुलींची लग्नं केली होती, तिसरी अजून शाळेत होती. चूल बंद म्हणजे गावी परत जायचं, आणि गावी तिचं कोणी उरलं नव्हतं. हे सगळं तिनेच मला सांगितलं, पण रडून नव्हे. चांगली कंबरेवर हात ठेवून.

"माझ्या हातचा खाऊन माणसा आजारी पडली म्हणतंस? कोणाक इचारलंस?"

"सगळ्या आजाऱ्यांना विचारलंय," मी वही दाखवली.

"आणि जे बरे आसत, तेंका कोणी इचारूचा?"

कॉलेजात मला बक्षिसं मिळाली होती हो! आणि हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता.

"हय ये," म्हणत तिने मला चुलीमागच्या भिंतीशी नेलं. धुराने काळवंडलेल्या त्या भिंतीवर चुन्याच्या बोटांनी ओळीच ओळी काढलेल्या. प्रत्येक जेवणाऱ्याची एक ओळ, नावाच्या जागी खूण. कुणाची छत्री, कुणाचा मासा, एका टकल्याचा नुसता गोल. मावशीला लिहिता येत नव्हतं. पण कोण किती वेळा जेवायला आला नाही, म्हणजे खाडा कुणाचा, हे कळल्याशिवाय दुसऱ्या दिवशी पीठ किती मळायचं ते ठरणार कसं? म्हणून प्रत्येक खाड्याला त्या त्या वाराच्या जागी एक रेघ.

"मंगळवारची रात," तिने बोट ठेवलं. "बघ. दोन टोपल्यो भाकऱ्यो उरल्यो. मी शिव्या घालीत बसलंय."

मी वहीतली नावं सांगत गेले, ती खुणेवर बोट ठेवत गेली. छत्री आजारी, मंगळवारी खाडा. मासा आजारी, खाडा. टकला आजारी, खाडा. अगं बाई! जे आजारी पडले ते त्या रात्री मावशीकडे जेवलेच नव्हते!

"मग उरलेल्या भाकऱ्या?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी चायसोबत दुसऱ्या पाळीच्या माणसांनी खाल्ल्यो. मी पण खाल्लंय."

दुसऱ्या पाळीची माणसं, म्हणजे मंगळवारी संध्याकाळी गिरणीत असलेली, शिळ्या भाकऱ्या खाऊन ठणठणीत होती. त्यांना मी विचारलंच नव्हतं. का विचारणार? ती आजारी कुठे होती!

मग "खोलीवरच" होते ते सगळे होते कुठे? मावशी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली आणि तिने अशी हाक मारली की अशक्त माणसंसुद्धा कठड्याशी आली. "खरा काय ता सांगा, नायतर उद्यापासून जेवक येव नकात!"

तो टकला खाली बघत म्हणाला, "बाई, आम्ही सभेला गेलो होतो. तुमच्या हातात वही. नाव पोलिसांकडे गेलं म्हणजे?"

मला हसू फुटलं आणि लाजही वाटली. मी सरकारी गुप्त पोलीस! माझ्याच घरात मोर्च्याचे झेंडे शिवले जात होते. मी सगळ्यांसमोर वहीतलं नावांचं पान फाडून चुलीत घातलं, आणि नव्या पानावर छत्री, मासा, गोल अशा खुणा काढल्या. मग काय, सगळे एकदम बोलायला लागले. सभेहून येताना नाक्यावर मंडळाच्या पोरांनी पिंपात सरबत केलं होतं. लिंबू, बर्फ, फुकट. पोटभर प्यायले, वर चणे खाल्ले, भूक मेली, तसेच झोपले. त्या संध्याकाळी नळ गेला होता, म्हणून पोरांनी पिंप भरलं ते चाळीच्या गच्चीवर आग विझवण्यासाठी ठेवलेल्या टाकीतून. मी पोरांना घेऊन वर गेले, टाकीचं झाकण उघडलं तर आत मेलेलं कबूतर. पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

सोमवारी साहेबांनी नवा अहवाल वाचला. "ही छत्री काय? हा मासा काय?" मी सांगितलं. ते चष्मा काढून इतके हसले की डोळे पुसावे लागले. मग स्वतः भिंत बघायला आले आणि बांगड्याचं तिखलं खाऊन गेले. टाकी धुतली, साथ थांबली, मावशीची चूल चालू राहिली. त्या दिवशी मावशीने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि भिंतीवर माझी ओळ काढली. खूण म्हणून एक वही.

पुढे महिन्यातून चार-पाच दुपारी मी तिच्याकडे जेवायची. मग कामासाठी मला दोन वर्षं बाहेर धाडलं. पत्र कुणाला लिहिणार? तिला वाचता येत नव्हतं. महाराष्ट्र झाला त्या वर्षी मी परत आले आणि पहिल्याच दुपारी लालबागला गेले. मावशी थकली होती, भाकऱ्या आता धाकटी मुलगी थापत होती. माझं लक्ष चुलीमागे गेलं. वहीच्या खुणेपुढे रेघा, रेघा, रेघा. जागा संपली म्हणून ओळ वळून खिडकीपर्यंत गेली होती. मी नव्हते त्या प्रत्येक दिवसाची एक.

मी उभ्या जागी रडायला लागले.

"इतके खाडे!" मावशी म्हणाली, आणि तिने ताट पुढे सरकवलं. "बस आधी. जेव. मगे रड."